अकोले तालुका आणि अडीच एकरांचा संसार: एका विचारणेला सविस्तर उत्तर

आपली विचारणा थोडक्यात अशी आहे. आपण पुण्यात राहणारे चौघांचे कुटुंब आहात. वडिलांच्या नावे जुन्नर तालुक्यात थोडी वडिलोपार्जित जमीन असल्यामुळे शेतकरी असल्याचा पुरावा आपल्याजवळ आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात (विदर्भातले अकोला नव्हे) दोन-अडीच एकर घेऊन तेथेच कायमचे राहावे, धान्य, भाजी, दूध, पाणी आणि शक्य तितके इंधन घरचेच असावे, असा आपला विचार आहे. अशा जगण्यासाठी हा तालुका योग्य आहे का आणि अडीच एकर पुरतील का, असे आपण विचारले आहे. पाणलोट विकास आणि कोरडवाहू शेती या क्षेत्रांत मी पंचवीसहून अधिक वर्षे काम केले असून त्यातील बराच काळ याच सह्याद्रीच्या पट्ट्यात गेला आहे. त्या अनुभवावर हे उत्तर बेतलेले आहे.

पहिली दुरुस्ती प्रश्नातच करावी लागेल. तालुका योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही. गाव ठरवता येते, आणि गावातही शिवार. सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरच्या या तालुक्यात पश्चिमेला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आणि हरिश्चंद्रगडाची रांग आहे. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे निघालो की दर दहा-पंधरा किलोमीटरला पाऊस उतरत जातो आणि अकोले गावाच्या आसपास तो पाचशे मिलिमीटरच्या घरात येतो. एकाच तहसील कार्यालयाखाली भाताची खाचरे आणि बाजरीचे माळ दोन्ही नांदतात. म्हणून तालुक्याच्या सरासरी पावसाचा आकडा घेऊन कोणी जमीन दाखवू लागला, तर तो आकडा बाजूला ठेवावा. सरासरीएवढा पाऊस पडतो असे गाव या तालुक्यात शोधूनच काढावे लागेल.

पाऊस जास्त म्हणजे पाणी जास्त, ही समजूत शहरातून येणाऱ्या बहुतेकांची असते आणि तीच सर्वांत महागात पडते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, त्याची साठवण सुमारे अकरा टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि तरीही त्याच परिसरातील वरच्या वाड्यांमध्ये मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरणाऱ्या बाया मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. कारण साधे आहे. हा सगळा प्रदेश बेसाल्टच्या थरांचा आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि मधल्या भेगाळ, छिद्रयुक्त थरांत. खालचा अखंड काळा पाषाण पाणी साठवत नाही. उतार तीव्र, मातीचा थर वीतभर, त्यामुळे चार महिन्यांत पडलेले पाणी ओढ्यांतून धरणात जाते आणि धरणातून खाली पूर्वेला. दिवाळीनंतर त्या डोंगरउतारावर ओल शोधावी लागते. उलट प्रवरा, मुळा किंवा आढळा नदीच्या काठाजवळच्या, पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या एखाद्या शिवारात, नाल्याच्या खालच्या अंगाला, शिवरात्रीनंतरही विहीर पाझरत असते.

यासाठी माझा आग्रह असतो की जमीन पावसाळी डोळ्यांनी पाहू नये. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब ऑगस्टमध्ये जमीन पाहून आले. मागे धबधबा, पुढे हिरवीगार खाचरे, बांधावरून खळाळणारे पाणी. त्यांनी महिनाभरात व्यवहार केला आणि नंतर मला बोलावले. मी गेलो तेव्हा एप्रिलचा तिसरा आठवडा होता. विहिरीच्या तळाशी ताटभर जागेत पाणी होते आणि त्यात एक फुटका डबा अडकला होता. त्यांनी लावलेल्या साठ आंब्यांपैकी नऊ जिवंत होते. ती माणसे कष्टाळू होती, मनापासून आली होती. फक्त त्यांनी चुकीच्या महिन्यात जमीन पाहिली. दोन वर्षांनी ती परत गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

आता विहीर कशी पारखायची ते सांगतो, कारण आपल्या निर्णयाचा निम्मा भार यावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जावे. मालकाच्या परवानगीने संध्याकाळी विहिरीचा उपसा करावा, पाण्याची पातळी टेपने मोजून कठड्यावर खडूने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजावी. मधल्या काळात मोटर बंद राहील याची खात्री करावी. रात्री तेथेच मुक्काम केला तर उत्तम. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक सेंटीमीटर चढले म्हणजे सुमारे २८० लिटर पाणी आले. चौघांना माणशी ५५ लिटरप्रमाणे २२० लिटर, एक गाय आणि वासरू यांना शंभर लिटर, आणि पाच गुंठे भाजीला उन्हाळ्यात रोज अडीच ते तीन हजार लिटर, असा हिशेब धरला तर आपली गरज दिवसाला तीन हजार लिटरच्या आसपास येते. म्हणजे चोवीस तासांत पाणी अकरा-बारा सेंटीमीटर चढले पाहिजे. आच्छादन आणि ठिबक नीट केले तर भाजीचे पाणी निम्म्यावर येते, पण पारख करताना ही सवलत धरू नये, ती दुष्काळी वर्षासाठी राखून ठेवावी.

या ठिकाणी सातबारा हातात घ्यावा लागतो. विहीर जमिनीत आहे आणि ती विकणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीची आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ विहिरी सामाईक असतात आणि विकणाऱ्याचा त्यात चार आण्यांचा हिस्सा, आठवड्यातून दोन दिवसांची पाळी असते. चार आणे हिस्सा असेल तर त्याच विहिरीत अकरा नव्हे, चव्वेचाळीस सेंटीमीटर चढ हवा. पाळी कोणाची केव्हा, हे बहुधा कागदावर नसते. ते भाऊबंदांच्या तोंडी असते, आणि म्हणून ते सर्व भावांना एकत्र बसवून विचारावे.

बोअरवेल घेऊ, हे उत्तर मला देऊ नये. बेसाल्टमध्ये एका बांधाच्या अलीकडे दोन इंच पाणी आणि पलीकडे नुसती धूळ, हा रोजचा अनुभव आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत, मोजते. आपल्या डोळ्यासमोरच्या गावाजवळ अशी विहीर असेल तर तिच्या मे महिन्याच्या मागील दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी मिळवाव्यात. त्यातून त्या पाणलोटाची चाल कळते. शेततळ्याबद्दलही एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. वीस बाय वीस मीटरचे, तीन मीटर खोल, अस्तरीकरण केलेले तळे उतारांमुळे साधारण पावणेनऊ लाख लिटर पाणी धरते. पण पूर्वेकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्यातून दिवसाला बत्तीसशे लिटर पाणी हवेत जाते, म्हणजे आपल्या कुटुंबाच्या, गाईच्या आणि भाजीच्या एकत्रित गरजेइतके. तळे उपयोगाचे आहेच, परंतु ते रब्बीचे साधन समजावे. मे महिन्यासाठी झाकलेली टाकी चांगली. पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावातही शंभर चौरस मीटर छपरावरून वीस टक्के घट धरून चाळीस हजार लिटर पाणी मिळते आणि ते घरखर्चाला सहा महिने पुरते. माझ्या मते घराच्या पायाबरोबरच ही टाकी बांधावी आणि पैसे कमी पडले तर घराची एक खोली कमी करावी.

धान्याचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. चौघांना वर्षाला साधारण सहा क्विंटल धान्य लागते. पश्चिमेच्या बाजूला एक एकर खाचरात स्थानिक वाणाचे आठ-दहा क्विंटल भात झाले, तर भरडून पाच-सहा क्विंटल तांदूळ मिळतो; उतारावर नागली आणि वरई, कडेला खुरासणी. पूर्वेला हलक्या जमिनीत बाजरी एकरी तीन-चार क्विंटलच्या पुढे पावसावर जाईल असे धरू नये, म्हणजे दीड एकर त्यातच गेले. तेलाचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. वर्षाला चाळीस किलो तेल लागत असेल, तर घाण्याला शंभर किलो शेंगदाणे हवेत, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास शेंगा, आणि त्यासाठी कोरडवाहू अर्धा एकर बाजूला काढावा लागतो. डाळीसाठी बाजरीत तूर-मूग घ्यावेत, कुळीथ बांधाकडेला. मीठ, चहा, औषधे, कपडे, मुलांचे शिक्षण आणि मोबाइल यांना रोख पैसा लागणारच. दरमहा किमान किती, हे आपण आत्ताच लिहून काढावे. संपूर्ण स्वावलंबन नावाची गोष्ट या तालुक्यातल्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याकडेही मी पाहिलेली नाही. तोही कांदा, टोमॅटो किंवा दूध विकून किराणा भरतो.

खरी जमीन लागते ती गाईला. एका गाईला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा धरला तर वर्षाला दोन टन वैरण हवी, आणि हिरवा चारा वेगळा. एक-दीड एकर बाजरीच्या सरमाडावर एक गाय कशीबशी निघते. तरीही गाय ठेवावी आणि ती डांगी ठेवावी, असे मी सुचवेन. ही जात याच मुलखाची आहे. मुसळधार पावसात उभी राहते, डोंगर चढते, दूध मात्र थोडे देते. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तेथे एकदा अवश्य जावे आणि खरेदी न करता नुसते दिवसभर जाणत्या माणसांच्या शेजारी उभे राहून ऐकावे. इंधनाचा प्रश्न गाय पूर्ण सोडवत नाही. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण लागते आणि देशी गाय दहा किलोच्या आसपास देते. दोन जनावरांवर निम्मा स्वयंपाक होईल, उरलेल्यासाठी सिलिंडर किंवा बांधावरचे सरपण.

बियाणे ही या तालुक्याची खरी श्रीमंती आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे आपण ऐकलेच असेल. वालाचे, भाताचे, पालेभाज्यांचे जे वाण तेथील बायांनी राखेत घोळून, मडक्यांत भरून जपले, ते या मातीला आणि या पावसाला सरावलेले आहेत. बाहेरून येणाऱ्याला एवढी तयार ठेव फार थोड्या ठिकाणी मिळते. ज्या गावात अजून घरोघरी बियाणे ठेवतात, त्या गावाला मी पाण्याखालोखाल गुण देतो.

यापुढचा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो मी मुद्दाम स्पष्ट शब्दांत लिहीत आहे. शेतकरी असल्याचा पुरावा आपल्याकडे असल्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यापासून अडवणाऱ्या कूळकायद्याच्या कलम ६३ ची अडचण आपल्याला येऊ नये. परंतु तालुक्याच्या पश्चिम भागातील गावे मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहेत आणि त्यांतील बरीच अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकत घेता येत नाही. दलाल यावर वाटा सुचवतात: कोणाच्या तरी नावावर घ्या, दीर्घ मुदतीचा करार करा, साठेखत करून ताबा घ्या. यांतली एकही वाट धरू नये. एक तर ती बेकायदा आहे, आणि दुसरे म्हणजे ज्या माणसांच्या शेजारी आपल्याला आयुष्य काढायचे आहे त्यांच्या संरक्षणासाठीच तो कायदा केला आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की आपला शोध तालुक्याच्या मधल्या आणि पूर्व भागापुरता मर्यादित होतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसरही यामुळे आपोआप बाजूला पडतो.

उरलेल्या भागात सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली प्रत्येक ओळ तिच्या फेरफारासह वाचावी. भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, वारसांची अपूर्ण नोंद, कालव्यासाठी किंवा रस्त्यासाठी संपादन, यांपैकी काहीही तेथे दडलेले असते. मोजणी करून हद्दीचे दगड पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. रस्ता तर पायाने चालून पाहावा. शेजाऱ्याच्या बांधावरून बैलगाडी जाते ती त्याच्या भलेपणावर. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे रस्ता मागता येतो, पण त्या अर्जाने शेजारधर्म पहिल्याच वर्षी संपतो. तुकडेबंदीचा नियमही तपासावा, कारण दहा-वीस गुंठ्यांच्या ‘फार्म प्लॉट’च्या जाहिराती आकर्षक असल्या तरी शेतीवर जगणाऱ्याच्या कामाच्या नसतात.

निळवंडे धरणाच्या कालव्यांतून २०२३ पासून पाणी वाहू लागले आहे. लाभक्षेत्रातील जमिनीचा भाव त्यामुळे चढला आहे. कालव्याच्या भरवशावर जास्त पैसे मोजावेत का, तर माझे मत नाही असे आहे. कालव्याचे पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरावीक पाळीने सोडले जाते तसे, येते, ते कधी सुटेल हे आपल्या भाजीच्या गरजेवर ठरत नाही, आणि टंचाईच्या वर्षी पिण्याच्या पाण्याला पहिला मान असतो. मात्र कालव्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर लागतो, हा खरा लाभ आहे. तो त्याच मे महिन्यातल्या मोजणीत दिसेल. अगदी कालव्याला लागून असलेली सखल, भारी जमीन मात्र चिबड (पाणी साचून खराब) होण्याची भीती असते, ती टाळावी.

मातीसाठी तीन फूट खड्डा तीन ठिकाणी घ्यावा. वर दीड-दोन फूट माती आणि खाली मऊ मुरूम असेल तर फळझाड जगते. फुटावरच पांढरी चुनखडी किंवा टणक खडक लागला तर ती जमीन गवत आणि बोरी-बाभळीची समजावी आणि भाव त्याप्रमाणे धरावा. मातीतला सेंद्रिय कर्ब कमी निघाला म्हणून नाउमेद होऊ नये. तो शेणखताने आणि हिरवळीच्या खताने चार-पाच वर्षांत सुधारतो, खोली मात्र सुधारत नाही.

बिबट्याबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. जुन्नर-संगमनेर-अकोले या उसाच्या पट्ट्यात तो कायमचा रहिवासी आहे. गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद हवा, संध्याकाळनंतर मुलांना एकटे उसाकडेला पाठवू नये, एवढी शिस्त पाळून येथील माणसे राहतात. सापाचे भय त्याहून जवळचे आहे. रात्री-अपरात्री सर्पदंशावरील प्रतिविष मिळणारे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे मोटारसायकलवर बसून, पावसाळ्यात, स्वतः मोजावे. मोठ्या उपचारांसाठी तालुका संगमनेरकडे पाहतो आणि पूर्व भागातून ते अंतर फारसे नाही, ही त्या भागाची आणखी एक जमेची बाजू. सौर विजेचेही असेच आहे: पूर्वेला ती वर्षभर काम देते, घाटमाथ्याजवळ जून ते सप्टेंबर धुके आणि ढग यांमुळे पंप सोडा, दिव्यांचीही ओढाताण होते.

आता आपल्या दोन प्रश्नांची थेट उत्तरे. अकोल्याच्या मध्य-पूर्व भागात, नदीपासून फार दूर नाही पण पूररेषेबाहेर, नाल्याच्या खालच्या अंगाला, स्वतंत्र किंवा निम्म्या हिश्श्याच्या विहिरीची जमीन मिळाली, तर हा तालुका आपल्या हेतूला योग्य आहे. तेथे अडीच एकरांपैकी निदान एक एकर रब्बीला भिजत असेल, तर गहू-हरभरा आणि चारा निघून चौघांचे धान्य, डाळ, भाजी आणि एका गाईचे दूध भागेल. तेल काठावर राहील. एक एकरही भिजत नसेल तर अडीच एकर अपुरे आहेत, मग चार एकर पाहावेत किंवा गाईचा विचार सोडावा.

व्यवहारापूर्वी एक वर्ष त्याच गावात घर भाड्याने घेऊन अर्धा एकर खंडाने करावा, असे मी सुचवतो. खंडाची बोली पाडव्याच्या सुमारास ठरते, म्हणून फाल्गुनातच जाऊन बसावे. त्या वर्षात पेरणीच्या घाईत आपण कोणाच्या शेतात हात लावला आणि आपल्या काढणीला कोण आले, हे दिसेल. इर्जिक आणि सावड (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने एकत्र काम करण्याची रीत) ज्या गावात अजून चालते, तेथे दोन माणसांनी अडीच एकर ओढता येतात, एरवी मजुरीतच उत्पन्न जाते. आणि मे महिन्यात टेप व खडू घेऊन विहिरीवर जाल, तेव्हा शक्यतो त्या गावातल्या एखाद्या वयस्कर बाईंना बरोबर घ्यावे. विहिरीची पातळी आपण मोजाल. १९७२ च्या दुष्काळात त्या विहिरीत पाणी होते की नाही आणि तेव्हा गाव कोठे पाण्याला जात होते, हे त्या सांगतील.